आकाशी रंगाचं कपाट

आमच्या अपार्टमेंटमध्ये माझी ओळख 'जुन्या खुर्च्यांच्या बाई' अशी आहे. इतकी वर्षं नांदेडच्या शाळेत भूगोल शिकवला, त्याची आठवण कुणालाच नाही. नवा फ्लॅट घेतलेली पोरं-पोरी आजोबांची एखादी खुर्ची, मोडका चौरंग, नाहीतर आरामखुर्चीचा सांगाडा घेऊन माझ्या गॅलरीत येतात, मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मावशी, असा पांढरा रंग देऊन मिळेल का? विंटेज दिसतं." मी त्यांना चहा देते. मग खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालचं लाकूड दाखवते आणि सांगते, सागवानाला पांढरं फासायचं असेल तर दुसरीकडे जा, इथं नाही. काहीजण जातात. जे थांबतात त्यांच्या हातात मी काचेचा तुकडा देऊन त्यांना खरवडायला बसवते. लोकांना माझा राग येतो म्हणे. येऊ दे. हा हट्ट मुळात माझा नव्हेच, तो अण्णांचा. मी आपली पुढे चालवते आहे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. एसटीत कंडक्टर होते, आणि अहमदपूर-नांदेड ही त्यांची गाडी. लोकांचे वडील नांदेडहून येताना केळी आणत, चपला आणत. आमचे अण्णा गाडीच्या टपावर खुर्च्या टाकून आणत. नांदेडला गाडी थांबली की बाकीचे लोक जेवून आडवे व्हायचे आणि हे जुन्या बाजाराच्या गल्लीत शिरायचे. तिथे वकिलांची टेबलं, कुणा जहागीरदाराच्या पलंगाचे पाय, हैदराबादला निघून गेलेल्यांच्या घरातले आरसे, असं काय काय पडलेलं असे. घेतलेल्या खुर्चीचं लगेज तिकीट स्वतःच फाडायचं, स्वतःच घ्यायचं आणि नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचं, असा त्यांचा कारभार. गाडी अहमदपूरच्या स्टँडात शिरताना ड्रायव्हरकाकांनी लांब हॉर्न दिला तर समजायचं, आज टपावर काहीतरी आहे. आमच्या दोन भाड्याच्या खोल्या स्टँडाच्या मागेच होत्या. हॉर्न ऐकला की माय भाकरी थापता थापताच म्हणायची, "आलं बगा नवाबाचं सामान."

आमच्या भागात जुनं लाकूड म्हणजे रंग देण्याची वस्तू. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला ऑइलपेंटचा डबा आणायचा, आणि शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला रंग वाळून वाया जाऊ नये म्हणून तो घरातल्या पेटीला, पाटाला, पाळण्याला, खुर्चीला द्यायचा. दर पोळ्याला एक थर. एका साली लाल, एका साली पिस्ता, एका साली निळा. त्यामुळे अण्णा जे काही आणत त्याच्या अंगावर कित्येक पोळे चढलेले असत, आणि खाली शिसव आहे की बाभूळ हे देवालाही सांगता आलं नसतं. अण्णांना ते सांगता यायचं. ते बोटानं ठोकून बघत, वास घेत, आणि उर्दू शाळेत शिकलेले असल्यामुळे खूश झाले की "उम्दा" म्हणत. नाखूश झाले तर म्हणत, "बैलाचं शिंग आन् शिसवी खुर्ची एकच हाय का? कामून रंगवतेत लोक?" ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणी देत नसे, कारण मायलाही रंगवलेलं सामानच आवडायचं.

ते कपाट आलं ती हिवाळ्याची सुरुवात होती. दारं वेगळी, सांगाडा वेगळा, असं दोन खेपांत टपावरून उतरलं. उजव्या दारात उभा आरसा, डावं दार भरीव, खाली दोन खण, आणि वरून खालपर्यंत मळकट पिस्ता रंग. मायनं त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी त्यावेळी शाळेत होते आणि माझी मोठी बहीण, आमची अक्का, बारावी होऊन घरी बसली होती. घरी बसली म्हणजे तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. अण्णांनी अंगणात कपाट आडवं टाकलं, तिला हाक मारली आणि म्हणाले, "शकू, हे तुझं. तुझ्या घरी जायचं हाय. तूच हात लाव."

मग तो सबंध हिवाळा आम्ही कपाट खरवडलं. अण्णांची ड्यूटी नसे तेव्हा तिघं, असे तेव्हा आम्ही दोघी. आधी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी फडक्यानं थापायचं, रंग सुजून वर आला की पत्र्याच्या उलथन्यानं काढायचा, आणि मग फुटक्या बाटलीच्या काचेनं लाकूड हलकेच खरवडायचं. काच कशी धरायची ते अण्णांनी शिकवलं. तिरकी धरायची, रेषेच्या दिशेनं ओढायची, दाबायची नाही. पिस्त्याच्या खाली निळा निघाला, निळ्याच्या खाली गेरूसारखा लाल, आणि अक्का प्रत्येक थराला नाव ठेवायची. हा चेअरमनच्या बैलाचा, हा पाटलिणीच्या पाळण्याचा. ती नकला फार छान करायची. तिला बघायला येऊन गेलेल्या बायका कशा बसल्या, कशा फुर्र करून चहा प्यायल्या, ते ती काच हातात धरूनच करून दाखवायची आणि मी हसून हसून लाकडावर आडवी व्हायची. आत चुलीवर जवस भाजल्याचा वास येई. मायची चटणी जवसाची आणि अण्णांचं लाकडाला द्यायचं तेलही जवसाचंच, घाण्यावरून आणलेलं. त्यामुळे आमच्या अंगणात आणि आमच्या ताटात हिवाळाभर एकच वास होता. आजही गॅलरीत मी ते तेल उघडते तेव्हा आधी मला भूक लागते आणि मग अक्काची आठवण येते.

एका दुपारी डावं दार पुरतं उघडं झालं. वाळलेलं, खरवडलेलं लाकूड धुळकट दिसतं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. अण्णांनी तांब्यात हात बुडवला आणि ओला पंजा दारावरून वरून खाली फिरवला. पाणी गेलं तिथे लाकूड काळसर जांभळं झालं आणि त्यात बारीक तांबूस रेषा दिसायला लागल्या. शिसवच होतं. अक्कानं स्वतःचा हात बुडवला आणि तसाच फिरवला, पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला, पाणी वाळून जाईपर्यंत. अण्णा म्हणाले, "आता चपडा दिला की हे असंच ऱ्हाईल. जलमभर." चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये भिजवल्या की मधासारखं पॉलिश होतं आणि ते कापसाच्या बोळ्यानं लाकडात जिरवायचं असतं. "मी ह्याला कुनाला हात लावू देनार न्हाई," अक्का म्हणाली. ती तशी बसली होती, हात ओले, नाकावर लाकडाचा भुगा. मला अक्का आठवते ती अशीच, आणि ती तशी पुन्हा कधी बघायला मिळाली नाही.

संक्रांतीनंतर लातूरचं स्थळ जमलं. मुलगा ऑफिसात नोकरीला, घरात सासू, मोठी जाऊ. लग्नाची तारीख धरली आणि सासूबाई साडी दाखवायला म्हणून आमच्याकडे आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मला आज सांगायलाच हवं. अंगणातून आत येताना त्या कपाटापाशी थांबल्या, आरशात पदर नीट केला आणि सहज म्हणाल्या, "कपाट दणकट हाय. रंग ऱ्हायलाय वाटतं द्यायचा?" मायनं अण्णांकडे बघितलंही नाही. "हाव, रंगारी येनार हाय ना," म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. आमच्या थोरल्या सुनेनं लोखंडी कपाट आणलं, एवढंच बोलल्या आणि चहाला बसल्या. अक्का दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

पाहुण्या गेल्यावर माय अण्णांवर तुटून पडली. लग्नात मुलीचा संसार मांडवात मांडतात, माईकवरून नाव घेऊन सांगतात, वऱ्हाडातल्या बायका हात लावून बघतात. तिथे हे काळं, उघडं कपाट ठेवायचं? "लोक म्हनतील रंगापुरतंबी जमलं न्हाई बापाला. आन् कोरं लाकूड काय शुभ असतंय का? कोरं लाकूड कुठं जातंय ते मला तोंडानं बोलायला लावू नका." अण्णा म्हणाले, "चपड्याचा हात फिरू दे, मग बग कसं दिसतंय. बिलकुल काच." पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेले तेव्हा कपाट तसंच अंगणात उभं होतं, तेल पिऊन वाळलेलं, पॉलिश व्हायचं बाकी.

लग्नघर म्हणून मायनं रंगाऱ्याकडून आमच्या दारा-खिडक्यांना नुकताच आकाशी रंग देऊन घेतला होता आणि त्याचे दोन डबे न्हाणीच्या कोपऱ्यात उरले होते. मी शाळेतून आले तेव्हा अक्का पदर खोचून कपाटापुढे बसली होती आणि डावं दार अर्धं आकाशी झालं होतं. ज्या दारावर तिनं ओला हात फिरवला होता तेच दार. मी ओरडले, "अक्का, काय करून राहिलीस!" तिनं मागे वळून बघितलं नाही. म्हणाली, "तिथं मला नांदायचंय, सुमे. कपाटाला न्हाई." रडत नव्हती. ब्रश मात्र असा ओढत होती की रंगाचे ओघळ खाली येत होते.

गाडी आली ती दिवेलागणीला. त्या दिवशी हॉर्न नव्हता. अण्णा फाटकातून आत आले आणि थांबले. मायनं भाकरी थापणं बंद केलं. अक्का ब्रश हातात घेऊन उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ते बोलतील, निदान डबा तरी लाथाडतील. त्यांनी तिकिटांची पेटी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, मायनं दिलेला चहा उभ्यानंच प्याला आणि येऊन त्या ओल्या दारापुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "लई जाड दिलास. ओघळ आले."

अक्का सांगायला लागली, "अण्णा, त्या म्हनल्या की..."

"माहीत हाय." ते तिच्या हातातून ब्रश घेत म्हणाले, "हे दार गेलं आता, रंग आत शिरला. बाकीचं तसं नको करू. आधी चपडा देऊ, मग वरून रंग. म्हंजे लाकडात जानार न्हाई. पुढं कवा तुझं घर तुझं झालं, तुला वाटलं, तर सोलून निघंल. मी येईन काढायला."

त्यांनी रजा टाकली. पहिल्या दिवशी ते डावं दार सोडून सगळ्या कपाटाला चपडा दिला, आणि ते शिसव जसं दिसलं तसं आम्ही तेवढा एकच दिवस बघितलं. शेजारच्या बायका बघायला आल्या, मायसुद्धा येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी डबा उघडला आणि आयुष्यात कधी लाकडाला रंग न दिलेल्या त्या माणसानं त्याच्यावर आकाशी रंग चढवला. पातळ हात, वाळू द्यायचा, बारीक कागदानं घासायचा, पुन्हा पातळ हात. डाव्या दारावरचे अक्काचे ओघळही घासून सपाट केले. अक्का डबा धरून शेजारी बसलेली असायची. मायनं धपाटे आणि दही अंगणातच आणून दिलं, ते त्यांनी रंगाच्याच हातांनी खाल्लं. एवढा सुंदर दिलेला ऑइलपेंट मी पुन्हा कुठे पाहिला नाही, आणि हे मी रंगाची वैरीण असून सांगते आहे.

मांडवात माईकवरून "मुलीच्या वडिलांकडून आरशाचं कपाट एक" असं पुकारलं गेलं. वऱ्हाडातल्या बायकांनी तळवा फिरवून बघितला आणि नवंकोरं आहे म्हणाल्या. अण्णांनी हात जोडले. संध्याकाळी ट्रकमध्ये गोधड्यांच्या मध्ये कपाट उभं करून त्यांनी दोऱ्या स्वतः आवळल्या, आणि अक्का गेली.

त्यानंतर अण्णांचं एकच मागणं राहिलं. ते कधी स्वतःसाठी काही मागत नसत, पण अक्काच्या कपाटाचा रंग आपल्या हातानं काढावा एवढं त्यांना हवं होतं. सुट्टी मिळाली की लातूरची गाडी धरत. शेंगदाण्याची चटणी आणि मायनं दिलेलं काहीबाही घेऊन जात, आणि आल्यावर माय विचारायची, "काय म्हनते शकू?" अण्णा म्हणत, "बरी हाय. काढू म्हनली दिवाळीला." दिवाळी झाली की पाडव्याला, पाडवा झाला की पावसाळ्यानंतर. आम्ही समजायचो, सासरचं घर, तिच्या हातात काय आहे? पुढे सासूबाई गेल्या. जाऊ वेगळी झाली. दाजी तर असे की घरात हत्ती आणून बांधला असता तरी त्यांनी विचारलं नसतं. तरी रंग काही निघाला नाही. अण्णांनी काचांचे निवडक तुकडे आणि घासायचा कागद एका फडक्यात बांधून फळीवर तयार ठेवले होते. शेवटच्या आजारात ते फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "शकूचं कपाट तुझ्याकडं," म्हणाले. मला अक्काचा त्या दिवशी राग आला होता, आणि तो खूप वर्षं गेला नाही.

यंदा होळीच्या आधी तिचा फोन आला. दाजी जाऊन बराच काळ झालाय, मुलगा पुण्याला, घरात ती एकटी. "सुमे, ये की. कपाटाचं काम काढलंय." फोन ठेवून मी रडले, खरं सांगते. फडकं पिशवीत घातलं, सोडा, स्पिरिट, चपडा घेतला, आणि सकाळच्या गाडीनं लातूरला गेले. अहमदपूरच्या स्टँडात गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही. अक्कानं आधी जेवायला घातलं. अंबाडीची भाजी, भाकरी, वर कांदा. मग आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाट तसंच होतं, आकाशी, जरा पिवळसर पडलेलं. मी खाली वर्तमानपत्र पसरलं, काच हातात घेतली आणि आरशाच्या चौकटीला लावणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"काय करून राहिलीस?"

"रंग काढायचा ना?"

"कुनी सांगितलं तुला काढायला?" ती गुडघे धरत खाली बसली आणि खणापाशी बोट दाखवलं. तिथं तळहाताएवढा रंग उडाला होता. "नातवानं सायकल घातली सुट्टीत. तेवढाच भरून दे. रंग जुळवायचं तुलाच जमंल, म्हनून बोलावलं."

मग मी बोलले. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते सगळं. अण्णा कसे वाट बघत होते, ते फडकं, तो आजार. "कोन अडवत होतं तुला? सासूबाई गेल्यावर तरी कोन अडवत होतं?"

अक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं. तिचा हात कपाटावरच होता. "कुनीच न्हाई अडवलं," ती म्हणाली. "अण्णांनी कवा कशाला रंग दिलेला बगितलास का तू? माझ्यासाठी दिला. तो मी सोलू कसा?"

"मग त्यांना सांगायचं तरी."

"सांगनार होते. दर वेळी ठरवायची. ते यायचे, आधी कपाटाकडं बघायचे आन् जाताना विचारायचे, शकू, काढायचा का. काढू म्हनलं की खूश व्हायचे. म्हनायचे, मग येतो की पुन्हा." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी न्हाई म्हनले असते तर ते कशाला आले असते गं लातूरला? लेकीच्या घरी उगं येऊन बसनारा मानूस होता का तो?"

मी काच पुन्हा फडक्यात बांधली. संध्याकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. डब्यातला आकाशी फार भडक निघाला. घरी येऊन त्यात थोडा पांढरा, किंचित काळा, टाचणीच्या टोकाएवढा पिवळा असं करत करत मी कागदावर उतरवून बघत राहिले, आणि अक्का "अजून न्हाई, अजून न्हाई" म्हणत राहिली. जुळला तेव्हा तीच आधी म्हणाली, "हाच." उडालेल्या जागी मी चपडा दिला, वाळू दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा लाकडाला रंग लावला. पातळ. अक्का डबा धरून शेजारी बसली होती.

"दिसत न्हाई ना जोड?" मी विचारलं.

तिनं मान वाकडी करून बघितलं. जोड दिसत नव्हता, मला माहीत होतं. "दिसतो जरासा," ती म्हणाली. "उद्या अजून एक हात लागंल. ऱ्हा तू उद्या."

मी राहिले.